दोन सह्यांसाठी एक्कावन्न दिवस

आमच्या युवक चळवळीच्या कार्यकारिणीने १२ एप्रिल २०२० च्या रविवारी नेतृत्वाची घडी बदलण्याचा निर्णय चाळीस मिनिटांत घेतला, पण बँकेने खाते आमच्या हाती देईपर्यंत ५ जून उजाडला. या मधल्या काळाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कोणत्याही लहान संस्थेवर ही वेळ पुन्हा येऊ शकते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत आमचे काम आहे आणि कोरोनाच्या टाळेबंदीपूर्वी सगळे निर्णय नागपुरात महाल भागातील एका खोलीत, तीन-तीन तास चालणाऱ्या बैठकांत होत असत. २५ मार्चपासून ते अशक्य झाले. अध्यक्ष यवतमाळला होते, सचिव गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळच्या आपल्या गावी अडकले होते, आणि कोषाध्यक्ष नोकरीसाठी फेब्रुवारीतच पुण्याला गेले होते. फुकटातल्या झूमवर चाळीस मिनिटांनी बैठक बंद पडते, त्यामुळे भाषणे आपोआप गळाली आणि फक्त निर्णय उरले. प्रत्येक जिल्ह्याच्या निमंत्रकाला कोणालाही न विचारता पाच हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याचा अधिकार दिला गेला, आणि नागपुरात असलेल्या माझ्याकडे व एका सहकारी ताईंकडे सचिव आणि कोषाध्यक्ष या पदांची सूत्रे सोपवली गेली. रात्रीच्या प्रवासाचा प्रश्न मिटल्यामुळे मुलींचा सहभाग वाढला. पूर्वी अकरा निमंत्रकांत एकच मुलगी होती, मे महिन्यापर्यंत त्या चार झाल्या, आणि हा बदल आम्ही पुढेही टिकवला.

अडले ते पैशांपाशी. खात्यात एक लाख शहाऐंशी हजार रुपये होते आणि ते काढायला सचिव व कोषाध्यक्ष या दोघांच्याच सह्या चालत होत्या. तिकडे नागपूरजवळ वर्धा मार्गावर पांजरीच्या टोलनाक्याजवळ दक्षिणेकडून पायी आलेले मजूर मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहारच्या वाटेने जात होते. त्यांना जेवण, पाणी आणि चपला हव्या होत्या, आणि आम्ही हे सारे इतवारीतील एका दुकानदारकाकांच्या उधारीवर चालवत होतो.

१५ एप्रिलला मी ठराव घेऊन आमच्या बँकेच्या शाखेत गेलो. अधिकाऱ्यांनी तो उभ्यानेच वाचला आणि म्हणाले, "भाऊ, यावर सगळ्यांच्या मूळ सह्या पाहिजेत. फोनवरची बैठक आमच्याकडे चालत नाही." अकरा सदस्य वेगवेगळ्या जिल्ह्यांत, जिल्ह्यांच्या सीमा बंद. अखेर प्रत्येकाने ठरावाच्या वेगळ्या प्रतीवर सही करून ती टपालाने पाठवली. शेवटचे पाकीट बुलढाण्याहून यायला सतरा दिवस लागले.

ते सगळे गोळा करून मी पुन्हा गेलो, तेव्हा दारातल्या सुरक्षारक्षकाने नियमाप्रमाणे हातावर सॅनिटायझर ओतले. ओल्या बोटांनी मी कागद पुढे केले आणि माझ्या डोळ्यांदेखत अध्यक्षांची जेल पेनने केलेली सही निळी ओघळ होऊन पसरली. "सही जुळत नाही" असे लिहून तो कागद परत आला. (सह्या नेहमी बॉलपेननेच घ्याव्यात आणि कागद प्लास्टिकच्या पाकिटात न्यावेत, हे मला त्या दिवसाआधी कोणीही सांगितले नव्हते.) त्या एका डागापायी आणखी नऊ दिवस गेले.

तिसऱ्या खेपेला नवीच मागणी पुढे आली, ती म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांची नावे असलेला परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा, उतारा. इथे मी खरोखर हताश झालो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत परिशिष्ट तीनच्या नमुन्यात बदल अर्ज द्यायचा असतो, त्याची चौकशी होते आणि तो मंजूर झाल्यावरच परिशिष्ट एकमध्ये नवी नावे चढतात. साध्या दिवसांतही याला महिने लागतात, आणि त्या वेळी तर सरकारी कार्यालये मोजक्या कर्मचाऱ्यांवर चालत होती. मी हे अधिकाऱ्यांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि "मग तोपर्यंत थांबा" एवढेच म्हणाले. रस्त्यावरची माणसे थांबणार नव्हती. पारा ४५ च्या वर होता आणि तापलेल्या डांबरावर लहान मुले पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून चालत होती. बँकेतून परतताना हे पाहिल्यावर मला रात्री झोप लागत नसे.

वाट दाखवली ती नागपूरच्या नंदनवन भागात आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकारीकाकांनी. त्यांनी ठराव दोनदा वाचला आणि चूक आमचीच असल्याचे दाखवून दिले. पदाधिकारी बदलणे आणि खाते चालवण्याचा अधिकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही दोन्ही एकाच ठरावात गुंफल्या होत्या. परिशिष्ट एकवर ज्यांची नावे आहेत तीच कार्यकारिणी, कोणतेही पद न बदलता, आणखी काही सदस्यांना खाते चालवण्यासाठी अधिकृत करू शकते. त्यासाठी बदल अर्जाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. संस्थेच्या घटनेत याला मनाई नाही ना, एवढे मात्र आधी तपासावे. आमच्या घटनेत सर्वसाधारण सभेला पंधरा दिवसांची सूचना लागते, पण कार्यकारिणीची तातडीची बैठक तीन दिवसांच्या सूचनेवर घेता येते. एप्रिलमध्ये आम्ही तशीच घेतली होती आणि आता पुन्हा घेतली.

काकांनी दुसरी सूचनाही केली, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. जुन्या सह्याधारकांनी नागपूरला येण्याची गरज नाही. त्यांनी त्याच बँकेच्या जवळच्या शाखेत जाऊन सही साक्षांकित करून घ्यावी आणि त्या शाखेने ती इकडे कळवावी. आमचे सचिव गावाहून दुचाकीने गडचिरोलीच्या शाखेत गेले आणि कोषाध्यक्ष पुण्यातल्या. ही सोय पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती तर एप्रिल संपण्यापूर्वी खाते चालू झाले असते. म्हणून बँकेत काय काय लागते हे तोंडी विचारू नये, सगळी यादी एकाच वेळी लेखी मागावी, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. माझ्याकडे पहिल्या दोन खेपांची पोहोच नव्हती, त्यामुळे तक्रार करायलाही आधार उरला नाही.

बँकेतल्या पहिल्या खेपेनंतर एक्कावन्न दिवसांनी, ५ जूनला दुपारी, खाते आमच्या हाती आल्याचा संदेश फोनवर आला. त्याच दिवशी मी इतवारीत जाऊन दुकानदारकाकांना एकसष्ट हजारांचा धनादेश दिला, त्यांनी तो कपाळाला लावला आणि उधारीच्या वहीतल्या आमच्या पानावर आडवी रेघ ओढली. श्रमिक रेल्वे सुरू होऊन महिना उलटला होता. पांजरीच्या नाक्यावरची गर्दी ओसरली होती, आणि ज्या दिवसांसाठी तो पैसा हवा होता ते दिवस निघून गेले होते.

एक गोष्ट वर राहून गेली. नव्या ठरावात आम्ही दोघांऐवजी चौघांना अधिकार दिला, नागपुरात दोन, अमरावतीत एक आणि चंद्रपूरला एक, त्यांपैकी कोणत्याही दोघांची सही पुरेशी. पदांच्या बदलाचा अर्ज आम्ही स्वतंत्रपणे, मुदतीत दाखल केला. पुढे मार्च २०२१ मध्ये नागपुरात १५ तारखेपासून पुन्हा कडक टाळेबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये ताई आणि मी एकाच आठवड्यात कोरोनाने आजारी पडलो. मी खाटेवर असतानाच अमरावती आणि चंद्रपूरच्या सहकाऱ्यांनी सह्या करून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या भाड्याचा धनादेश दिला, आणि मला ते दोन दिवसांनी कळले.