वाकलेली डिस्क, जी वाकलेली नव्हती

पुण्याहून ट्रेलरवर आलेली पोर्शेची स्पोर्ट्स कार, ७१८ केमन. ग्रेटर नोएडाचा शर्यतीचा ट्रॅक, बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. सकाळचं दुसरं सत्र संपवून गाडी पिटमध्ये आली ती ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतंय ही तक्रार घेऊनच. मालकांनी निदानही करून टाकलं होतं, "पुढच्या डिस्का वाकल्या. नव्या मागवा."

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती; ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिमटतात. मी आधी डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळ, लावलं. डिस्क वाकली असेल तर चाकाबरोबर फिरताना ती डावीउजवीकडे डुलते. इथे डुलणं भरलं जेमतेम ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे काहीच नाही. मग मायक्रोमीटरने डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली. सात ठिकाणी जवळपास सारखी, आठव्या ठिकाणी २२ मायक्रॉन जास्त. झीज झालेल्या डिस्कवर एक जागा जाड कशी? टॉर्च तिरका धरला तेव्हा पृष्ठभागावर पॅडच्या आकाराचा काळपट ठसा स्पष्ट दिसला.

विचारल्यावर सगळं कळलं. ट्रॅकचे पॅड आदल्या रात्री बसवले, रस्त्यावरच्या पॅडने वापरलेल्या त्याच डिस्कवर. बेडिंग, म्हणजे नवे पॅड डिस्कवर टप्प्याटप्प्याने तापवून बसवणं, केलंच नव्हतं. पहिल्याच सत्रात पूर्ण वेगाने लॅप मारले आणि पिटमध्ये येऊन ब्रेकवर पाय ठेवून गाडी उभी केली. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कवर एकाच जागी दाबून धरला की त्याचं मटेरियल तिथेच चिकटतं. पुढे प्रत्येक फेऱ्यात ती जागा पॅडखाली आली की पॅड जास्त पकडतो. स्टिअरिंगला जाणवते ती हीच थरथर.

बेडिंगचा अर्थ इथेच कळतो. ट्रॅकचा पॅड निव्वळ डिस्क घासून गाडी थांबवत नाही. तो स्वतःचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढवतो आणि पकड येते ती पॅड आणि त्या थरामधून. खाली दुसऱ्या पॅडचा थर असेल तर नवा थर ठिपक्याठिपक्यांनी बसतो. त्यातच पॅड गार असेल तर तो थर चढवण्याऐवजी खरवडून काढतो. म्हणूनच शर्यतीचे पॅड घालून रोज ऑफिसला जाऊ नये: ब्रेक किंचाळतात, सकाळी पकड लागत नाही आणि डिस्क लवकर झिजते.

या गाडीला बसवलेले पाजिड कंपनीचे आरएसएल२९ हे ट्रॅकचे पॅड ही निवड मात्र योग्य होती. पॅड निवडताना मी आधी पाहतो तापमान, पकड नंतर. ताशी २२० किलोमीटरवरून १०० वर येताना गाडी जी ऊर्जा ब्रेकमध्ये टाकते, ती ८० वरून पूर्ण थांबण्याच्या सहापट असते, आणि हे एका लॅपमध्ये पुन्हा पुन्हा होतं. रस्त्याचा पॅड तिथे दोन-तीन लॅपमध्ये हात टेकतो. पुढे आणि मागे एकाच जातीचे पॅड घ्यावेत. मागे जास्त पकडीचे आणि पुढे साधे, असं तर कधीच करू नये. ब्रेक मारताना मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते.

डिस्का काढल्या. सपाट लाकडी ठोकळ्यावर १२० नंबरचा गार्नेट पेपर गुंडाळून दोन्ही बाजू घासल्या. मास्क हवाच, ही धूळ छातीत जाऊ देऊ नये. फरक ८ मायक्रॉनवर आला. निळसर कडक डाग राहिले असते तर घासून उपयोग नव्हता, कारण तिथे लोखंडाचीच रचना बदललेली असते आणि डाग पुन्हा वर येतो. डिस्क भोकांची असल्याने चिराही पाहिल्या. भोकाच्या कडेची बारीक चीर चालते. ती दुसऱ्या भोकाला किंवा बाहेरच्या कडेला पोचली की डिस्क बाद. पॅडचे तोंडही चकाकत होते, तेही सपाट काचेवर पेपर ठेवून घासले.

ब्रेक ऑईल साधं, डॉट ४ दर्जाचं होतं. नवं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ ला. त्याहून जास्त तापमानाला उकळणारं मोतुल आरबीएफ ६०० भरून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. पेडल कडक होईपर्यंत पंप केलं, मगच गाडी हलवली. चाकांचे बोल्ट १६० न्यूटन मीटरला आवळले.

बेडिंग दुपारच्या सत्रात केलं. पहिला लॅप हलका, ब्रेक नुसते कोमट व्हावेत एवढा. मग १५० वरून ८० पर्यंत आठ वेळा, मध्यम दाबाने, मधे थंड व्हायला अंतर ठेवून. मग चार वेळा १८० वरून, जोरात, पण एबीएस लागू न देता. एकदाही पूर्ण थांबायचं नाही. पीएसएम, म्हणजे गाडी घसरू न देणारी पोर्शेची यंत्रणा, चालू असताना वळणात चाकं सरकू द्यायची नाहीत, नाहीतर ती परस्पर एकेका चाकाचा ब्रेक मारते आणि चाकांचे ब्रेक वेगवेगळे तापतात. शेवटी एक पूर्ण लॅप ब्रेकला जवळपास न शिवता. पिटमध्ये गाडी गिअरमध्ये, चाकाला अडण, हँडब्रेक न लावता, पाय पेडलवरून बाहेर.

डिस्कच्या कडेला ठरावीक तापमानाला बदलणारे रंग लावले होते. हिरवा पांढरा पडला, म्हणजे ४३० अंश पार. ५६० चा नारिंगी तसाच. डिस्कवर सगळीकडे एकसारखी निळसर-राखाडी झाक आली होती, थर नीट बसल्याची खूण. त्यानंतरची दोन सत्रं पूर्ण वेगाने झाली, स्टिअरिंग शांत.

संध्याकाळी रस्त्याचे पॅड परत बसवायचे होते. मालकांना सांगितलं, ट्रॅकसाठी डिस्कचा वेगळा जोड ठेवा. काढलेल्या प्रत्येक पॅडमागे मार्करने जागा लिहिली: पुढे डावा आतला, पुढे डावा बाहेरचा, पुढे उजवा आतला.