मागे लागलेला सील आणि न बघणारी पाणमांजरं

शनिवार, मॉस लँडिंग

कॅलिफोर्नियातल्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) घेऊन यायचं तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं. मॉन्टेरेच्या उपसागरातून ही खाडी अकराएक किलोमीटर आत जाते. भरतीबरोबर शिरायचं, ओहोटीबरोबर निघायचं, म्हणजे निम्मं काम पाणीच करतं. दुपारचा वारा मात्र कुणाचं ऐकत नाही, परतताना तोंडावरच येतो.

दोघींच्या कयाकमध्ये लेक पुढे, मी मागे. धक्क्यावर सी लायन, म्हणजे समुद्रसिंह, एकमेकांच्या अंगावर पसरून भुंकत होते. वास असा की लेकीने वल्हं मांडीवर टाकून नाक धरलं. हायवे नंबर १चा पूल ओलांडला आणि थोड्या वेळाने मागे 'फूस' झालं. वळून बघितलं तर पाण्यावर नुसती वर्तुळं. दोन हात मारले, पुन्हा फूस. हार्बर सील! आपण बघितलं की हा खाली, आपण पुढे तोंड केलं की वर. शेवटी लेकीनेच शक्कल काढली. वळायचंच नाही, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा उघडून खांद्यावरून मागे धरायचा. त्यात साहेब दिसले: ठिपक्यांचं टक्कल, लांब मिशा, काळेभोर डोळे. कयाकच्या शेपटापर्यंत येऊन हुंगल्यासारखं करत होता. पाण्यात वल्ह्याने उठणारे बुडबुडे की आमचं मराठी, त्याला काय आवडलं कोण जाणे. आम्ही काही देत नव्हतो, थांबतही नव्हतो, तरी बराच वेळ मागे होता.

पाणमांजरांचं तसं नाही. इथली समुद्री पाणमांजरं पाठीवर तरंगत, पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपला आपटून फोडत असतात. ती आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि तेच बरं. एखादीने मान वर करून तुमच्याकडे बघितलं, तर ते कौतुक नव्हे, तुम्ही फार जवळ गेलात. नियम साठ फुटांचा, म्हणजे साधारण पाच कयाक एकापुढे एक लावल्या तेवढं अंतर. आणि कयाकचं नाक थेट तिच्याकडे करायचं नाही, बाजूने निघून जायचं.

मला पूर्वी हे जरा अति वाटायचं. पण हिशेब बघा. देवमाशासारखी चरबी हिच्या अंगात नाही. थंडगार पाण्यात तगायचं ते दाट केसांच्या बळावर आणि रोज वजनाचा जवळजवळ पाव हिस्सा खाऊन. पिल्लू असेल तर आईचं खाणं दुपटीकडे जातं. अशीला आपण फोटोसाठी एकदा बुडी मारायला लावली की तिची विश्रांती गेली, आणि दिवसभर कयाकवाले येतच असतात.

या केसांपायीच शिकाऱ्यांनी ही जात जवळजवळ संपवली होती. १९३८ मध्ये बिग सर नावाच्या किनाऱ्याजवळ पन्नासेक उरलेली सापडली, आजची कॅलिफोर्नियातली तीनेक हजार त्यांचीच वंशावळ. खाडीलाही त्यांचा फायदाच. ती मुळं कुरतडणारे खेकडे खातात, त्यामुळे पाणथळीतल्या झुडपांची मुळं वाचतात आणि काठ ढासळायचा वेग कमी होतो. २०२४ मध्ये हेच सांगणारं, याच खाडीवरचं संशोधन प्रसिद्ध झालं.

लेकीला अर्थात सांताक्रूझची ८४१ क्रमांकाची पाणमांजर आठवली, २०२३ मध्ये लोकांचे सर्फबोर्ड बळकावणारी. तिचे व्हिडिओ पाहून आम्हीही हसलो होतो. पण जंगली जनावराची माणसाची भीड चेपणं ही त्याच्यासाठी चांगली खूण नसते. तिला पकडायला माणसं पाठवावी लागली होती, आणि ती काही हाती लागली नाही!

परतताना काठाजवळ पाणमांजराचं एक पिल्लू एकटंच तरंगत रडत होतं. चिरका, थेट कानात घुसणारा आवाज. "आई, हरवलंय का गं ते?" हरवलेलं नव्हतं. आई खाली खेकडे शोधायला गेलेली. जाताना पिल्लाच्या केसांत हवा भरून ठेवते, त्यामुळे ते बुडत नाही. आम्ही वल्ही उचलून वाऱ्याने मागे सरकत राहिलो, तेवढ्यात एक जोडपं फोन पुढे धरून सरळ त्याच्याकडेच निघालं. मी इंग्रजीत वाक्य जुळवत होते, तोवर लेकीने दोन्ही हात वर करून ओरडून त्यांना थांबवलंही. बाई जरा रागावल्या. आई वर आली, तोंडात खेकडा, आणि रडणं थांबलं.