त्रेचाळिसाव्या वर्षी शिकाऊ उमेदवार

बाबांना फोनवर सांगितलं, "कंपनीनं मला ॲप्रेंटिसशिपला घातलंय." पलीकडे शांतता. मग हळूच, "म्हणजे खालच्या पोस्टवर टाकलं?"

त्यांचं चूक नाही. भोसरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला ॲप्रेंटिस म्हटलं की आयटीआयचा पोरगाच डोळ्यासमोर येणार. मी बीई, चाकणला बारा वर्षं काढलेला, आता लेस्टरजवळच्या एका गोदामात परत आलेल्या मालाचं काम बघतो. आणि ॲप्रेंटिसशिपमध्ये लेव्हल ४चा 'इम्प्रूव्हमेंट प्रॅक्टिशनर', म्हणजे कामाच्या पद्धती सुधारायचा कोर्स, शिकतोय.

इंग्लंडमध्ये ॲप्रेंटिसशिपला वयाची वरची मर्यादा नाही. पगार चालू राहतो, फी माझ्या खिशातून नाही. २०१७पासून सरकार मोठ्या कंपन्यांकडून वर्षाला ३० लाख पौंडांवरच्या पगारखर्चाचा अर्धा टक्का लेव्ही, म्हणजे एक प्रकारचा कर, म्हणून घेतं. मुदतीत प्रशिक्षणावर वापरला नाही तर तो पैसा गेला. म्हणजे माझ्या गुणांपेक्षा तो पैसा वाया जाऊ नये म्हणून मला बसवलं असेल, हेही मनात येतंच.

पण ते सहा तास! मी २०२४ला सुरुवात केली तेव्हाचा नियम: आठवड्याला किमान ६ तास शिक्षण, तेही कामाच्या वेळेत. मंगळवारी दुपारी साहेब घाईघाईनं आला, माझ्या स्क्रीनवर कंट्रोल चार्ट (कामातले चढउतार दाखवणारा आलेख) बघितला, "सॉरी, तुझा शिकायचा वेळ" म्हणून परत गेला. मी दोन मिनिटं दाराकडेच बघत होतो. चाकणला आमचं ट्रेनिंग रविवारी असायचं, वर हजेरी. पहिले दोन आठवडे त्या वेळात मी गुपचूप मेल उरकल्या. कोर्सच्या कोचनं नोंदवही बघून पकडलं आणि चक्क झापलं.

वैताग आहे तो चेंज मॅनेजमेंटचा, म्हणजे लोकांना सोबत घेऊन बदल करायचा. आमच्याकडची एक बाई परतीचा प्रत्येक फॉर्म छापून निळ्या ट्रेमध्ये ठेवते. चाकणला मी नोटीस चिकटवून सोमवारी ट्रे उचलला असता. (पुढच्या सोमवारी तो कपाटामागे सापडला असता, ते सोडा.) इथे म्हणे आधी त्यांच्याशी बोला. बोललो. 'का' विचारत पाचव्यांदा कळलं, एकदा सिस्टिम दोन दिवस बंद होती तेव्हा हिच्याच कागदांवर अख्खं गोदाम चाललं होतं. माझ्या सुंदर फ्लोचार्टमध्ये हे कुठेच नव्हतं. ट्रे अजून तिथेच आहे, प्रोजेक्टचं नाव मात्र बदललंय.

काल बाबांनी पुन्हा विचारलं, "बरं, स्टायपेंड किती देतात?"