भाच्याचं तीन मिनिटांचं भाषण

मंगळवार

सकाळी सव्वासातला भाच्याचा फोन. तिकडे ओरेगनमध्ये सोमवारची संध्याकाळ. "मामा, तुझा ड्राफ्टिंगचा हात अजून तसाच आहे ना?" इतकं लाडात विचारलं की समजायचं, काम अवघड आहे. ३४ वर्षं ऑफिसात दुसऱ्यांचे अर्ज आणि अपिलं लिहिली, त्याची ही पेन्शन.

काम असं की तिथल्या वन्यजीव आयोगापुढे त्याला तीन मिनिटं बोलायचंय. मागणी: क्रॉसबोने, म्हणजे चाप असलेल्या धनुष्याने, शिकार करायला परवानगी द्या. मला वाटलं, अमेरिकेत बंदुका भाजीसारख्या मिळतात, तिथे याला कोण अडवतंय? पण ओरेगन हे एकच राज्य असं आहे की क्रॉसबो शिकारीला अजिबात चालत नाही, अपंगांनासुद्धा नाही. ओहायोत १९७६ पासून चालतो. विस्कॉन्सिनने २०१४ पासून सगळ्यांसाठी त्याचा वेगळा हंगामच ठेवला.

भाचा शिकार करतो हे ताईला माहीत नाही. ताईकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो आणि तिच्या लेकाच्या फ्रीजरमध्ये एल्क नावाच्या बैलाएवढ्या हरणाचं मांस भरलेलं असतं. ताईच्या लेखी तो "ट्रेकिंगला" जातो. हे गुपित सहा वर्षं माझ्या पोटात आहे, आता त्याचं भाषणही पोटात ठेवायचंय.

मसुदा वाचला. इंग्रजी चांगलं आहे, अर्ज वाईट आहे.

मंगळवार, रात्री

ते यंत्र आहे तरी कसं ते नीट समजून घेतलं, त्याशिवाय लिहिणार काय. बंदुकीच्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी एकदा मागे ओढून खटक्यात अडकवली की ती तिथेच राहते, हाताने ताणून धरावी लागत नाही. ओढायलाही चरखी मिळते, विहिरीच्या रहाटासारखी फिरवायची. मग नेम धरायचा आणि चाप ओढायचा. बाण आखूड, जेमतेम हातभर. भाच्याचा उजवा खांदा दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फावर घसरून पडल्यामुळे गेला. ऑपरेशन झालं, पण धनुष्य ताणायला हात खांद्याच्या मागे जात नाही. तिकडे एल्कसाठी निदान ५० पौंड ताणाचं धनुष्य लागतं असा नियम आहे. त्याला आता २० पौंडही झेपत नाहीत.

गंमत पुढेच आहे. मला वाटलं होतं की विरोध करणारे प्राणीप्रेमी असतील. ते आहेतच, पण सगळ्यात कडवे विरोधक धनुष्यबाणवाले शिकारीच! त्यांचं म्हणणं, वर्ष-वर्ष सराव करून हात तयार करावा लागतो, जनावराच्या वीस-तीस पावलांवर जावं लागतं, म्हणून बाणवाल्यांना सप्टेंबरचा हंगाम वेगळा मिळतो. तेव्हा एल्क माजावर असतो, नर आवाज देत फिरतात. चापवाले घुसले तर गर्दी होणार, जास्त जनावरं पडणार आणि मग खातं आमचेच परवाने कापणार. हा शेवटचा मुद्दा मला खरंच पटला. पोटाचा मुद्दा आहे तो.

पण "कष्टाशिवाय शिकार कसली" हा मुद्दा काही गळी उतरेना. त्यांची स्वतःची धनुष्यंही चाकं बसवलेली असतात. ७० पौंडांचं धनुष्य पूर्ण ताणलं की चाकांमुळे हातावर जेमतेम १५ पौंड उरतात. मग रेघ नेमकी कुठे ओढायची?

आणि मला आजोबा आठवले. होळकर दरबारात कारकून. साहेबलोक आले आणि शिकार निघाली की हाक्याच्या माणसांची हजेरी आजोबांकडे असायची. पहाटेपासून भिल्ल, बलाई, कोण कोण मैलभर रांग धरून ढोल आणि डबे बडवत रान झोडपायचे. पायात काटे, समोरून जनावर उलटलं तर हातात फक्त काठी. साहेब मचाणावर खुर्ची टाकून बसलेला. आजोबा सांगायचे, साहेबाने फक्त बोट वाकवायचं. फोटोत साहेब, वाघावर पाय साहेबाचा. कष्टावरून शिकारी ठरवायचा तर त्या फोटोत कोण असायला हवं होतं?

इथे इंदूरजवळ रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचं शिकारगाह अजून उभं आहे. १९८९ पासून तिथे अभयारण्य आहे. रविवारी लोक पोहे-जलेबी खाऊन चढायला जातात. मीही जातो. तिथे हाक्याच्या माणसांचं काही नाही.

बुधवार

आज चुलतभावाच्या शेतावर, सांवेरला. बटाटा आणि हरभरा. रात्रीत घोडारोज, म्हणजे नीलगाई, येऊन गेले, कोवळा हरभरा मधोमध तुडवलेला. नीलगाय म्हटलं की इथे माणूस हात जोडतो, नावातच गाय आहे. १९७२चा कायदा शिकारीला बंदी करतो, तरी पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा जनावरासाठी कलम ११ खाली परवानगी मिळू शकते. ती आणायला कोण जातंय, आणि आणली तरी गोळी घालणार कोण? भाऊ रात्री फटाके फोडतो. फटाक्यांना ती जनावरं आता सरावलीत.

त्याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावराला हाकणंही येतं. म्हणजे आजोबांची हजेरीवहीसुद्धा शिकारच. आणि २०२५च्या ऑक्टोबरात इथून जवळच शाजापूरकडे सरकारनेच हाका घातला! हेलिकॉप्टरने कळप हाकून नरसाळ्यासारख्या कुंपणात आणले, ८००च्या वर काळवीट, शिवाय नीलगाई, आणि गाड्यांत भरून दूरच्या जंगलांत सोडले. एकही मारलं नाही. "आपल्याकडे कधी येणार ते हेलिकॉप्टर?" भावाने मला असं विचारलं जसं काही मीच ते उडवतो.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, तिकडे गरज आहे आणि कोणी मारत नाही. इकडे मारायला लोक परवान्यासाठी सोडतीत नाव घालतात." याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. विषय बदलला.

गुरुवार

मसुद्यावर लाल पेन चालवलं. ११३९ साली पोपच्या धर्मसभेने ख्रिस्ती माणसांवर क्रॉसबो चालवायला बंदी केली होती, तो परिच्छेद काढला. तीन मिनिटांत पोप कशाला? "नैतिक शिकार" हे शब्द चार वेळा होते, चारही काढले. जनावराला तू नैतिक आहेस की नाही याने फरक पडत नाही. उलट, बाण लागल्यावर अर्धा तास थांबून मग रक्ताच्या मागावर जावं लागतं, नाहीतर जखमी जनावर लांब पळून वाया जातं, हे त्याने एका ओळीत उरकलं होतं. ते वाढवून वर आणलं. आयोगाला तेच विचारायचं असणार.

भांडण झालं ते मागणीवरून. त्याला सगळ्यांसाठी परवानगी हवी. मी म्हटलं, अरे, अर्जात मागणी एकच असावी आणि ती नाकारताना समोरच्याला लाज वाटावी. आधी खांदे गेलेल्यांसाठी माग. तो चिडला. "मामा, दरवर्षी डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवून मला रानात जायचं नाहीये." मग बराच वेळ गप्प. मग मीही.

शेवटी पहिली मागणी माझी, दुसरी त्याची. तालीम केली, तीन मिनिटं बारा सेकंद. बारा सेकंद कापायला हवे होते. आजोबांच्या हाक्याचं वाक्य मीच घातलं होतं, तेच काढायला सांगितलं. तो म्हणाला, नको, ते राहू दे, आणि स्वतःचं ओहायो कापलं.

संध्याकाळी ताईचा फोन. "कसली कमिटी आहे रे त्याची? तू लिहून देतोयस म्हणे."

"खांदे दुखणाऱ्यांसाठी काहीतरी आहे," म्हटलं.

"बरं करतोय हो पोरगा," ताई म्हणाली. "माझाही दुखतो डावा."