साउथगेटचे बदल नेहमी उशिरा का यायचे?

गॅरेथ साउथगेट इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा कोच होता तोवर चाहत्यांची एकच तक्रार असायची: हा माणूस घाबरट खेळवतो. जून 2024 मध्ये कोलोनला स्लोव्हेनियाशी 0-0 झाली तेव्हा स्टँडमधून त्याच्या दिशेने प्लास्टिकचे ग्लास भिरकावले गेले. ग्लास फेकणं वाईटच. पण नुसतं 'घाबरट' म्हणून सोडून दिलं तर नेमकं काय चुकत होतं ते कळत नाही. त्यासाठी 11 जुलै 2021 ची, वेम्बलीवरची, इटलीशी पेनल्टी शूटआउटमध्ये हरलेली युरो फायनल पुन्हा बघावी.

त्या दिवशी इंग्लंड 3-4-3 (मागे तीन, मधे चार, पुढे तीन) खेळलं. दुसऱ्याच मिनिटाला ट्रिपिअरने क्रॉस टाकला आणि शॉने गोल केला. दोघेही विंगबॅक (कडेने वर-खाली पळणारे बचावपटू). म्हणजे मागे तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) ठेवले म्हणून संघ बचावात्मक ठरत नाही. विंगबॅक वर जात होते तोवर इटलीलाच त्रास होत होता.

बिघडलं ते मधल्या फळीत. इंग्लंडचे राइस आणि फिलिप्स दोघेच, समोर इटलीचे जोर्जिन्यो, वेराट्टी आणि बारेल्ला. एक माणूस कायम मोकळा. मग फॉरवर्ड माउंटला खाली यावं लागे, स्ट्रायकर केनही खाली उतरे. इटलीचा कोच मान्चिनीने 54 आणि 55 व्या मिनिटाला दोन बदल केले. बारेल्लाच्या जागी क्रिस्तान्ते आला. इम्मोबिलेच्या जागी बेरार्दी आला आणि इन्सिन्ये मध्यभागी सरकून फॉल्स नाइन (स्ट्रायकरच्या जागेवरून मागे उतरणारा) म्हणून खेळू लागला. आता इंग्लंडच्या तीन सेंटर-बॅकना धरायला समोर ठरलेला स्ट्रायकरच उरला नाही, उलट मधल्या फळीत इटलीचा आणखी एक माणूस वाढला. दोन्ही विंगबॅक मागे दबले, पाच जणांची रांग आपल्याच पेनल्टी बॉक्सपाशी येऊन उभी राहिली. मागून मारलेला लांब चेंडू पुढे धरून ठेवायला कुणी नव्हतं, त्यामुळे तो पुन्हा इटलीकडेच जात राहिला.

67 व्या मिनिटाचा कॉर्नर. क्रिस्तान्तेने डोक्याने चेंडू पुढे वळवला, वेराट्टीचा हेडर इंग्लंडचा गोलकीपर पिकफर्डने पोस्टवर ढकलला, बोनुच्चीने तो आत ढकलला. साउथगेटचा पहिला बदल, ट्रिपिअरच्या जागी साका, यानंतर आला. मान्चिनीने आणलेला माणूस, क्रिस्तान्ते, तोवर गोलमध्ये सामीलही झाला होता.

चाहते आक्रमक खेळणाऱ्या ग्रिलिशसाठी ओरडत होते. माझ्या मते तिथे हवा होता मिडफिल्डर हेंडरसन. 56-57 व्या मिनिटाला माउंटच्या जागी तो आला असता तर मधे तिघांना तिघे झाले असते, स्टर्लिंग केनच्या जोडीला पुढे राहिला असता आणि मागून आलेला चेंडू धरायला दोन माणसं मिळाली असती. फॉरवर्ड काढून मिडफिल्डर आणणं कागदावर भित्रेपणाचं दिसतं, पण संघ वीस यार्ड पुढे सरकतो तो अशाच बदलाने. हेंडरसन आला 74 व्या मिनिटाला, तोही राइसच्या जागी.

टीव्हीवर हे ओळखता येतं. चेंडूवरून नजर काढून आपल्या मागच्या फळीकडे बघा: ती मध्यरेषेच्या जवळ आहे की बॉक्सच्या? मग आपण चेंडू दूर मारल्यावर (क्लिअरन्सनंतर) पहिला स्पर्श कुणाचा होतो ते मोजा. सलग चार-पाच वेळा प्रतिस्पर्ध्याचाच असेल तर बदलाची वेळ आली आहे, स्कोअर काहीही असो. बरोबरीचा गोल होईपर्यंत थांबलं की बदल करूनही गेलेला जोर परत मिळवायला लागतो.

सावधपणा त्याच स्पर्धेत उपयोगीही पडला होता. सेमीफायनलला जादा वेळेत डेन्मार्कवर 2-1 आघाडी मिळताच साउथगेटने बदली आलेल्या ग्रिलिशलाच 106 व्या मिनिटाला काढून ट्रिपिअरला आणलं, पाच जणांची फळी केली आणि सामना राखला. बरोबरच केलं, डेन्मार्क तेव्हा दमला होता आणि मिनिटं थोडी उरली होती. फायनलला मात्र राखायची होती जवळजवळ पूर्ण 90 मिनिटं. 2018 च्या वर्ल्डकप सेमीफायनलमध्ये क्रोएशियाविरुद्ध हेच घडलं होतं: ट्रिपिअरचा गोल 5 व्या मिनिटाला, पेरिसिचची बरोबरी 68 व्या, साउथगेटचा पहिला बदल 74 व्या.

2024 च्या युरोला बेंचची ताकद त्यानेच दाखवली. नेदरलँड्सविरुद्ध वॉटकिन्स 81 व्या मिनिटाला आला आणि सामना संपता संपता गोल करून गेला. फायनलला पामर 70 व्याला आला, 73 व्याला त्याने बरोबरी साधली. पण स्लोव्हाकियाविरुद्ध 25 व्या मिनिटापासून मागे असूनही टोनीला 94 व्या मिनिटापर्यंत बसवून ठेवलं होतं, आणि केनचा विजयी गोल झाला तो टोनीच्या हेडरवर.

2021 च्या वेम्बलीच्या शूटआउटचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. रॅशफर्ड आणि सँचो 120 व्या मिनिटाला आले, खेळात रुळायच्या आतच पेनल्टी मारायला उभे राहिले. रॅशफर्डची पोस्टवर लागली, सँचोची आणि 19 वर्षांच्या साकाची इटलीचा गोलकीपर डोनारुम्माने अडवली. त्यानंतर या तिघांना वंशद्वेषी शिव्या खाव्या लागल्या, ते अक्षम्य आहे. पेनल्टी कुणी मारायच्या हा निर्णय माझा होता, असं साउथगेटने त्याच रात्री सांगितलं. प्रश्न त्यालाच विचारायला हवा: जादा वेळेच्या मध्यंतराला, 105 व्या मिनिटाला, रॅशफर्ड आणि सँचोला का नाही आणलं? पंधरा मिनिटं पळायला, चार पास द्यायला मिळाले असते. जादा वेळ धरून सहा बदलांची मुभा होती. इटलीने सहाही वापरले, इंग्लंडने पाच.