चौथ्या नंबरचा पोरगा पाणी प्यायला गेला

नाशिकच्या एका शाळेत पीटी सर आहे मी. आमची बेसबॉल टीम म्हणजे क्रिकेटच्या टीममध्ये न बसलेली पोरं, त्यामुळं डोक्यात सगळं क्रिकेटच, कॅप्टननं खूण केली की कुणीही वर खेळायला जाणार.

बेसबॉलमध्ये मात्र लावलेली बॅटिंग ऑर्डर मोडता येत नाही. मॅचच्या आदल्या रात्री ती लावायला तासभर गेला. सिडकोचा पोरगा अंगानं काडी, पण वाईट बॉलला बॅट लावतच नाही, चार बॉल सोडतो आणि निवांत पहिल्या बेसवर चालत जातो, त्याला पहिला टाकला. त्याचे पप्पा म्हणाले, "सर, हा मारतच नाही, ओपनिंगला कशाला?" आता त्यांना काय सांगू, पहिल्याचं काम बेसवर पोचणं आणि शिवाय वरच्या नंबरला बॅटिंग जास्त वेळा मिळते, कारण मॅच संपते तेव्हा ऑर्डर मधेच कुठंतरी थांबलेली असते. पंचवटीचा सगळ्यात दणकट तो चौथा, म्हणजे पुढचे बेसवर असले की एका फटक्यात आत. हल्ली अमेरिकेत भारी बॅटर दुसऱ्या नंबरला पण टाकतात, पण आमच्याकडं भारी मुळात एकच. पाचवा सातपूरचा डावखुरा.

जर्सीवर प्रत्येकाला ७ नाहीतर १८ हवा होता. १९२९ साली अमेरिकेतल्या यांकीज टीमनं आपल्या बॅटरना नंबर बॅटिंग ऑर्डरप्रमाणे दिले होते, म्हणून बेब रूथ ३ आणि लू गेहरिग ४. मी पण तसंच करायला हवं होतं.

तिसरी इनिंग. सिडकोवाला वॉक घेऊन बेसवर, दुसऱ्यानं बंट करून, म्हणजे बॉल नुसता हळूच अडवून, त्याला दुसऱ्या बेसवर ढकललं आणि स्वतः आउट, तिसऱ्याला वॉक. पंचवटीवाला पाण्याच्या ड्रमकडं गेलेला. मी तिसऱ्या बेसजवळ उभा राहून रनरला हातवारे करतोय आणि तेवढ्यात "तो येईपर्यंत मी खेळतो" म्हणत सातपूरवाला आत शिरला पण! मला वळून बघेपर्यंत त्यानं बॉल दोन फील्डरच्या मधून काढला, डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंत, एक रन आत, आमची पोरं नाचतायत.

समोरचे कोच शांतपणे अंपायरकडं गेले. त्यांनी तक्रार करायच्या आधी त्यांच्या पिचरनं पुढच्या बॅटरला एक बॉल जरी टाकला असता ना, तरी आमचा रन टिकला असता. अंपायरनं खिशातून बॅटिंग ऑर्डरचं कार्ड काढलं. आउट कोण, तर ज्याची पाळी होती तो, म्हणजे हातात ग्लास घेऊन उभा असलेला पंचवटीवाला. रन रद्द, रनर परत आपापल्या जागी. आणि आता बॅटिंगला कोण? चौथ्याच्या नंतरचा पाचवा, म्हणजे परत सातपूरवालाच! तो दुसऱ्या बेसवर धूळ झटकत उभा होता.

"सर, मी आत्ताच तर खेळलो ना?"

"ये परत."

आला बिचारा, पहिलाच बॉल सरळ पिचरच्या हातात. मॅच हरलो आम्ही.

ओरडू कुणावर? बाजूला उभं राहून नंबर पुकारायचं काम माझंच होतं. पाळी मोडायची नसते हे मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं, ऑर्डर कशी लावतात तेवढं सांगून मोकळा झालो होतो.

पंचवटीवाल्याला अजून ते पटलेलं नाही. स्कोअरबुकात त्याच्या नावापुढं आउट आहे आणि तो आउट समोरच्या टीमच्या कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागं बॉल पकडणाऱ्याच्या, खात्यात मांडलाय, नियमच तसाय. परवा पण प्रॅक्टिसला वही उघडून माझ्यापुढं धरली, "सर, मी बॅट पण नव्हती उचलली, हे खोडा ना."