आपोआप उगवतात, मग लावायची कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी आलेल्या माणसाला गच्चीवरच्या रोपांच्या पिशव्या दिसल्या की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच: वड, पिंपळ, उंबर ही झाडं तर भिंतीतूनसुद्धा उगवतात. मग तुम्ही सगळं घर मिळून ती शोधत का हिंडता, आणि रोपं करून लावता कशाला?

उगवतात, हे खरं आहे. पण त्यांना वाढू कोण देतं?

पक्षी फळ खाऊन जिथे बसतो तिथे बी पडतं. जंगलात ती जागा म्हणजे दुसऱ्या झाडाचं बेचकं. तिथे साचलेल्या पाल्यात रोप धरतं, उजेड मिळतो, आणि मुळं सावकाश खोडावरून जमिनीपर्यंत उतरतात. शहरात ती जागा म्हणजे विजेची तार, गच्चीचा कठडा, देवळाचं शिखर. जुन्या नाशकात भद्रकाली, रविवार कारंजा, घाटाच्या बाजूला पावसाळ्यात फिरून बघा, दगडाच्या सांध्यासांध्यातून पिंपळ डोकावत असतो. दिवाळीच्या साफसफाईत तो छाटला जातो, नाहीतर त्याच्या मुळाशी ॲसिड ओतलं जातं. घरमालकाला मी दोष देत नाही, मुळं भिंत फोडतात हे खोटं नाही. मातीत पडलेल्या बियांचंही काही खरं नसतं. बी खसखशीसारखं बारीक, त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नाहीच. गवताच्या सावलीतच ते संपतं, आणि त्यातून वाचलं तर शेळ्या आहेत. म्हणजे जिथे उगवतं तिथे राहता येत नाही, आणि जिथे राहता येईल तिथे उगवत नाही. या दोन जागांमधलं अंतर आम्ही माणसं पार करून देतो. आमचा छंद एवढाच आहे.

रविवारी सकाळी आम्ही निघतो. भिंतीतली रोपं सगळ्यात आधी मुलाला दिसतात. त्याची नजर सारखी गटारांवर आणि पायऱ्यांच्या फटींत असते. छन्नी-हातोडी नवऱ्याकडे. वड-उंबराच्या कुळातली झाडं ओळखण्याचं काम सासूबाईंचं, कारण त्यांचं माहेर जंगलाच्या बाजूचं, पेठ तालुक्यातलं. पानांच्या पुस्तकात मी तासभर डोकं घातलं तरी माझा घोळ संपत नाही, आणि त्या पान हातात घेऊन क्षणात सांगतात. खरवतीचं पान त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा बोटावर घासूनच दाखवलं. इतकं खरखरीत की लाकूड घासायला चालतं. पायर खडकाच्या कपारीत शोधायची, नांद्रुकाची पानं वडापेक्षा लहान आणि गुळगुळीत, बोखाडा ओढ्याकाठी आणि त्याची पानं समोरासमोर येणारी, हे सगळं आम्ही त्यांच्याकडून शिकलो. आता मुलगीही ओळखायला लागली आहे आणि आजीशी वादही घालते.

भिंतीतलं रोप काढायचं तर पावसाची झड दोन-चार दिवस लागून राहिलेली असावी. चुना मऊ पडतो. घरमालकाला विचारायचं (आजवर कुणी नको म्हटलेलं नाही, उलट चहा मिळतो), मग छन्नीने सांध्याच्या कडेकडेने चुना मोकळा करायचा. रोप ओढायचं नाही. वीतभर पिंपळाच्या बुडाशी बऱ्याचदा एक फुगीर गाठ असते. त्यात पाणी साठवूनच ते उन्हाळ्यात भिंतीवर तग धरतं. ही गाठ अख्खी निघाली की बारीक मुळं तुटली तरी चालतात. पानं अर्धी कापून टाकायची, म्हणजे पाणी उडत नाही. कापल्या जागेतून पांढरा चीक गळतो, तो पाण्याने धुवायचा आणि रोप ओल्या गोणपाटात गुंडाळायचं. घरी आल्यावर पिशवीत लावून महिनाभर सावलीत. पहिलं पान येतं ते तांबूस, इतकं पातळ की उजेड आरपार जातो. त्या दिवशी घरातला प्रत्येक जण एकदा तरी गच्चीवर जाऊन येतो.

उंबराची रोपं मी बियांपासून करते. पिकून पडलेली उंबरं पाण्यात कुस्करायची. गर आणि पोचट दाणे वर तरंगतात, भरलेलं बी तळाशी बसतं. विटांचा चुरा आणि चाळलेला पालापाचोळा सारखा घेऊन त्यावर बी भुरभुरायचं, वर माती अजिबात टाकायची नाही, कारण त्याला उजेड लागतो. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवायची म्हणजे पाणी खालून चढतं, झारीने बी वाहून जात नाही. वर काच. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. तारेखाली बुलबुल आणि तांबटाच्या विष्ठेत सापडलेलं बी मला जास्त आवडतं. त्याचा गर आधीच निघून गेलेला असतो, त्यामुळे बुरशी कमी लागते.

वडाचं सोपं आहे, फांदी लावली की फुटते, असं सगळेच सांगतात. फुटते, पण जाडजूड असेल तर. वटपौर्णिमेला बाजारात विकायला येणाऱ्या कोवळ्या डहाळ्या बहुतेक वाळूनच जातात. मनगटाएवढी फांदी, चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवून, मृगाच्या पावसात खोल पुरली तर जोम धरते. पिंपळाची फांदी मात्र हट्टी. त्याला भिंतच बरी.

पण सोपं असूनही आम्ही फांद्या कमी लावतो, आणि यामागचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एक म्हणजे फांदीपासून केलेल्या झाडाला सोटमूळ नसतं. दुसरी गोष्ट कळायला उंबर फोडून बघायला हवं. आम्ही मुलांना पिकायच्या बेतातलं उंबर ब्लेडने उभं कापून दाखवलं. आत शेकडो फुलं, आणि त्यांच्यातून वळवळणारी केंबरं, म्हणजे उंबरात वाढणारे बारीक कीटक. मादी फळाच्या डोळ्यातून आत शिरते, शिरताना पंख तुटतात, फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. तिची पुढची पिढी फळातच मोठी होते. नरांना पंख नसतात. ते मादीशी जुगतात, बाहेर पडायला बोगदा कोरून देतात आणि संपतात. नव्या माद्या पराग घेऊन उडतात. वडाचं केंबर वेगळं, उंबराचं वेगळं, पिंपळाचं वेगळं.

बाहेर पडलेल्या मादीकडे जेमतेम एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात तिला त्याच जातीचं दुसरं झाड हवं, आणि त्याची फळं नेमकी कोवळी असायला हवीत. ज्या झाडातून ती निघाली त्याचा उपयोग नसतो, कारण त्याची फळं साधारण एकाच वेळी तयार होतात. म्हणून परिसरात एका जातीची बरीच झाडं हवीत, आणि प्रत्येकाचा बहर वेगळ्या वेळी यायला हवा. एकाच वडाच्या फांद्या रस्ताभर लावल्या तर ते एकाच झाडाचे तुकडे झाले. वेगवेगळ्या आयांची रोपं लावली तर वर्षभर कुठे ना कुठे फळ असतं. मग केंबरं टिकतात, आणि त्यांच्या जिवावर तांबट, कोकीळ, हरियाल, वटवाघळं. रस्ता रुंदीकरणात एक जुना वड जातो तेव्हा सावली जाते हे सगळ्यांना दिसतं. केंबरांच्या साखळीतली एक कडीही त्याच्याबरोबर जाते. त्याच्या बदल्यात लावलेली शोभेची झाडं ती जोडत नाहीत.

लावतो कुठे, हेही तुम्ही विचारता. घरापासून, पाइपलाइनपासून, विहिरीच्या बांधकामापासून लांब. मखमलाबाद आणि गिरणारेकडे ओळखीच्या शेतकऱ्यांचे ओढ्याकाठचे बांध आहेत, तिथे उंबर. द्राक्षबागेच्या जवळ नको असं ते सांगतात. पक्षी बागेत उतरतात, आम्ही ऐकतो. वड-पिंपळाला गावकीची मोकळी जागा, देवळामागचं आवार, शाळेचं मैदान. तोंडी का होईना, परवानगी घेतल्याशिवाय खड्डा नाही. भोवती बाभळीच्या काट्या, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी. हे पाणी कोण घालणार ते ठरल्याशिवाय आम्ही रोप कुणाला देत नाही, कितीही जवळचा माणूस असो.

सध्या आमचं बोखाड्यावर अडलंय. त्याची नरझाडं वेगळी आणि मादीझाडं वेगळी. केंबरं वाढतात नराच्या फळांत, बी धरतं मादीच्या. गच्चीवर बियांची रोपं भरपूर आहेत, पण फळ धरेपर्यंत त्यातलं कुठलं काय हे कळत नाही. म्हणून खात्रीच्या नरझाडाच्या फांद्या हव्या आहेत. तुमच्या ओढ्याकाठी बोखाडा असेल तर एक पिकतं फळ फोडून बघा. आत केंबरं निघाली तर तो नर. तेवढं कळवा, पाऊस सुरू झाला की आम्ही येतो.